डोकं कुणी उठवलं?

लेक सात वर्षांची असतानाची गोष्ट. दोन दिवस मी अंधाऱ्या खोलीत उशी डोक्यावर दाबून पडून होते, मायग्रेनचा मोठा अटॅक होता, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जरा माणसात आल्यावर बाहेर आले तर ही टेबलाखाली बसून चित्र काढत होती. टेबलाखाली का, तर म्हणे इथून खडूचा आवाज आत येत नाही. मी पण खाली वाकून बसले. कागदावर एक बाई आडवी झोपलेली, तिच्या डोक्यातून लाल आणि काळ्या रेघा सगळीकडे उडतायत, आणि कागदाच्या पार कोपऱ्यात एक छोटीशी मुलगी, तिच्या तोंडावर पिवळा चौकोन. मी विचारलं, हे पिवळं काय आहे गं? तर ती खडू न थांबवता म्हणाली, "चिकटपट्टी. मी बोलले की तुझं डोकं उठतं ना."

आधी मला कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग हळूहळू बाहेर आलं. शनिवारी ती आणि धाकटा कशावरून तरी भांडत होते आणि मी ओरडले होते, "बास करा रे, डोकं उठवलंत माझं!" आणि तासाभरात मी खोलीत जाऊन दार लावलं ते सोमवारीच उघडलं. तिने सरळ हिशोब मांडला होता. आम्ही भांडलो, आईचं डोकं उठलं, आई दोन दिवस नाहीशी झाली. दोन दिवस ती कुजबुजत बोलत होती, धाकट्याच्या तोंडावर हात ठेवत होती, हे मला नंतर नवऱ्याने सांगितलं, आणि तो बिचारा म्हणत होता की बघ किती शहाण्यासारखी वागली पोरगी.

तेव्हापासून मी आपली भाषा जरा वेगळ्या कानाने ऐकायला लागले. डोकं उठवलंस, डोकं खाऊ नकोस, डोकं फिरवलंस, डोक्याला नुसता ताप आहे, काय डोकेदुखी आहे ही... दिवसात किती वेळा म्हणतो आपण, आणि प्रत्येक वेळी डोकं आपलं आणि कर्ता समोरचा. मोठ्या माणसाला कळतं की हे बोलण्यापुरतं आहे. पण ज्या घरात आईचं डोकं खरोखरच उठतं, उलट्या होतात, उजेड सहन होत नाही, त्या घरातल्या सात वर्षांच्या पोरीने हे बोलण्यापुरतं आहे असं का समजावं? तिच्यासाठी ते वाक्य निकालच होता.

मी स्वतः अशाच घरात वाढले. माझ्या आईला अर्धशिशी होती. खोलीचं दार लागलेलं, वडील ओठांवर बोट ठेवून आम्हाला दुसरीकडे पिटाळायचे आणि म्हणायचे, आईचं डोकं चढलंय. एवढंच. का चढलंय, कधी उतरणार, तिला काही होणार तर नाही ना, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. मला कित्येक वर्षं वाटायचं की आई रागावून आत जाऊन बसते. ती बाहेर आल्यावर मी तिच्याशी जरा जास्तच गोड वागायचे, आणि ती इतकी थकलेली असायची की तिच्या ते लक्षातही यायचं नाही, आणि मला वाटायचं अजून राग गेला नाही वाटतं.

म्हणून मी ठरवलं की आपल्या पोरांना सांगायचं, नीट, सगळं, त्यांच्या भाषेत. पण सांगायचं तर आधी मला माहीत पाहिजे, म्हणून वाचायला लागले, डॉक्टरांना प्रश्न विचारायला लागले, आणि त्यात एक गोष्ट अशी कळली की मी दोन दिवस तिच्याच विचारात होते. मायग्रेनचा अटॅक डोकं दुखायला लागतं तेव्हा सुरू होत नाही. त्याच्या कितीतरी तास आधी, कधी कधी एक-दोन दिवस आधीसुद्धा मेंदूत त्याची सुरुवात झालेली असते, आणि त्याची लक्षणं म्हणजे सारख्या जांभया येणं, मान आखडणं, काहीतरी ठराविक खावंसं वाटणं, आवाज आणि उजेड नकोसा होणं, आणि चिडचिड. म्हणजे त्या शनिवारी पोरांच्या भांडणाने माझं डोकं उठलं नव्हतं, बहुतेक ते आधीच उठायला लागलं होतं आणि म्हणूनच रोजचंच भांडण मला त्या दिवशी सहन झालं नाही. मी क्रम उलटा लावला होता, आणि तोच उलटा क्रम माझ्या लेकीने गिळला होता. चॉकलेट, स्क्रीन, मोठा आवाज असे जे आपण पटापट ट्रिगर म्हणून लिहून टाकतो त्यातलं काही तर कारण नसून आलेल्या अटॅकचंच लक्षण असू शकतं. झोप बिघडणं, जेवण चुकणं, ताण, पाळीचे दिवस हे खरे ट्रिगर अनेकांना असतात, ते मी नाकारत नाही. पण घरातलं लेकरू ट्रिगर नाही, हे मला आता छातीठोकपणे सांगता येत होतं.

एका चांगल्या दिवशी दोघांना घेऊन बसले. (चांगल्या दिवशीच बसायचं, डोकं दुखत असताना समजावणं म्हणजे दोघांनाही शिक्षा.) मी सांगितलं की आईला मायग्रेन नावाचा आजार आहे, तो मेंदूचा आहे, जन्मतःच काहींच्या मेंदूत तो येण्याची तयारी असते. मेंदूला स्वतःला दुखत नाही, पण त्याच्याभोवती जे पातळ आवरण असतं त्याला दुखतं आणि चेहऱ्याकडून मेंदूकडे जाणारी एक मोठी नस आहे ती तो निरोप वर पोचवते. माझ्या मेंदूतला पहारेकरी जास्तच जागरूक आहे, पान हललं तरी घंटा वाजवत सुटतो. घंटा त्याची तो वाजवतो. तुम्ही वाजवत नाही. ती सर्दीसारखी तुम्हाला लागणार नाही, तिने मी मरणार नाही, आणि ती दर वेळी थांबते, आत्तापर्यंत एकदाही थांबली नाही असं झालेलं नाही.

धाकट्याने लगेच विचारलं, "पहारेकरी झोपत का नाही?" आणि लेकीने विचारलं, "पण आम्ही भांडलो तर?" मी सांगितलं, भांडलात तर ओरडा खाल, पण तो भांडणासाठी. मायग्रेन वेगळं. तिने हे मला तीन-चार दिवसांत चार-पाच वेळा पुन्हा पुन्हा विचारलं, वेगवेगळ्या शब्दांत, आणि मी तेच उत्तर दिलं. मुलांना एकदा सांगून भागत नाही, त्यांना ते उत्तर रोज हात लावून बघायचं असतं की अजून तिथेच आहे ना.

मला ऑरा येतो, म्हणजे डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेघा येतात, आणि मधला भाग दिसेनासा होतो, वीस-पंचवीस मिनिटांत ते आपोआप जातं. मायग्रेनवाल्यांपैकी साधारण चारातल्या एकाला हे होतं. पोरांना याचंच सगळ्यात जास्त आकर्षण वाटलं. मी त्यांना एअरी बाप-लेकांची गोष्ट सांगितली. जॉर्ज एअरी हे इंग्लंडचे मोठे खगोलशास्त्रज्ञ, त्यांना हे दिसायचं आणि १८६५ साली त्यांनी त्यावर लिहिलं, आणि त्यांचा मुलगा ह्युबर्ट डॉक्टर होता, त्यालाही तेच दिसायचं, त्याने १८७० मध्ये आपल्याला दिसणाऱ्या रेघांची रंगीत चित्रंच छापली, किल्ल्याच्या तटासारखी कोनाकोनांची, मिनिटामिनिटाला कशी पसरत जातात ते दाखवणारी. मग १९४१ मध्ये कार्ल लॅशली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या ऑरावरून हिशोब केला की मेंदूवरून काहीतरी मिनिटाला तीन मिलिमीटर वेगाने सरकत असणार, आणि तीनच वर्षांनी ब्राझीलच्या लेआओ नावाच्या संशोधकाला सशाच्या मेंदूवर तशीच हळू सरकणारी लाट सापडली. धाकट्याने कंपासमधली पट्टी आणली, घड्याळ समोर ठेवलं आणि एका मिनिटात बरोबर तीन मिलिमीटर बोट सरकवण्याचा प्रयत्न करत बसला. "आई, हे तर मुंगीपेक्षा पण हळू आहे," म्हणाला. ज्या गोष्टीची त्यांना दोन दिवस भीती वाटत होती ती आता पट्टीवर मोजता येत होती, त्या संध्याकाळी घर एकदम हलकं झालं होतं.

दाराचं काय करायचं हेही त्यांनीच ठरवलं. बंद दार बघितलं की दोघांना धस्स व्हायचं, आई झोपलीय, रागावलीय की मायग्रेन आहे काही कळायचं नाही. म्हणून धाकट्याने आपला एक निळा मोजा दिला. मोजा दाराच्या कडीवर असला की मायग्रेन. मोजा असताना धावायचं नाही, मोठा दिवा लावायचा नाही, पण हळूच आत येऊन एकदा हात धरून जायला परवानगी आहे. हे शेवटचं मी मुद्दाम घातलं, कारण मला आठवतं, माझ्या लहानपणी त्या दारापलीकडे आई खरंच आहे का याचीच मला खात्री वाटायची नाही. एक मिनिट हात धरला तर माझं डोकं जास्त दुखत नाही.

पण यातही माझी एक चूक झालीच, आणि ती लक्षात यायला सहा-सात महिने गेले. लेक फार जबाबदार झाली. शाळेतून आल्याबरोबर आधी कडीकडे बघायची, दिवसातून दहा वेळा "आई, दुखतंय का?" विचारायची, माझी पाण्याची बाटली भरून ठेवायची, माझ्या गोळ्यांची स्ट्रिप मोजायची, भावाला दटावायची. येणारे-जाणारे कौतुक करायचे, आणि मलाही बरं वाटायचं हे खरं. मग एकदा तिने मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायला नकार दिला. आईला काही झालं तर घरी कोण, म्हणून. त्या दिवशी मी हादरले. लहान मुलाला छोटं काम दिलं की त्याला बरं वाटतं, आपण काहीतरी करू शकतो असं वाटतं, ते खरंय, पण कामाला शेवट पाहिजे. मग आम्ही ठरवलं, तुझं काम म्हणजे पडदा ओढायचा आणि पाण्याची बाटली ठेवायची, एकदाच. त्यानंतर तू मोकळी, खेळायला जायचं, हसायचं, आणि गोळ्या हा मोठ्यांचा विषय, त्यांना हात लावायचा नाही. बाबा आहेत, नसले तर कुणाला फोन करायचा तो नंबर भिंतीवर लावला. आणि "आई, दुखतंय का?" याला उत्तर ठरलं, "दुखलं तर मी सांगेन. मी सांगितलं नाही म्हणजे नाही." हे पाळायचं तर मला खोटं बोलणं बंद करावं लागलं. दुखत असताना दात आवळून "काही नाही गं, मी बरी आहे" म्हणायची माझी सवय होती, आणि चेहरा वेगळं सांगत असायचा, पोरं तोंडाकडे बघतात, शब्दांकडे नाही.

आणि मग लेकीलाच सुरू झालं. नऊ वर्षांची होती.

खरं तर त्याआधीच सुरू झालं असणार आणि मला, मायग्रेन अंगाखांद्यावर घेऊन वावरणाऱ्या बाईला, ते ओळखता आलं नाही. तिचं पोट दुखायचं. अधूनमधून, बेंबीच्या आसपास, चेहरा पांढराफटक, काही खायचं नाही, एकदोनदा उलटी, आणि काही तासांनी झोपून उठली की उड्या मारायला मोकळी. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. पुढे मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं की लहान मुलांत मायग्रेन असं पोटातूनही येतं, त्याला पोटाचं मायग्रेनच म्हणतात, आणि यातल्या बऱ्याच मुलांना पुढे डोक्याचं सुरू होतं. आणि डोक्याचं सुद्धा मोठ्यांसारखं नसतं. अर्धशिशी हा शब्द अर्ध्या डोक्यावरून आलाय, सुश्रुतसंहितेत त्याला अर्धावभेदक म्हटलंय, मायग्रेन हा शब्दही अर्धी कवटी अशाच अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय, म्हणजे जगभर हे अर्ध्याचंच दुखणं, आणि लहान मुलांत मात्र ते बरेचदा दोन्ही बाजूंना किंवा कपाळभर असतं. मोठ्यांचा अटॅक उपचार न केल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो, मुलांचा दोन तासांतही संपू शकतो. त्यामुळे होतं काय, सकाळी शाळेत जाताना आडवी पडलेली मुलगी दुपारी सायकल चालवत असते, आणि बघणारा म्हणतो, नाटकं.

तिला ते ऐकावं लागलंच. शाळेतल्या एका बाईंनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, चाचणीच्या दिवशीच बरं डोकं दुखतं तुझं? ती घरी येऊन काही बोलली नाही, रात्री झोपताना म्हणाली, "आई, मला खरंच दुखत होतं की मला तसं वाटत होतं?" नऊ वर्षांच्या मुलीला स्वतःच्या दुखण्यावर शंका यावी याचा मला आजही संताप येतो. मी म्हटलं दुखत होतं, मला माहितीय. नुसता विश्वास ठेवल्याने डोकं थांबत नाही हे मलाही कळतं, पण त्या रात्री ती ज्या पद्धतीने माझ्या कुशीत सैल पडली ते मी विसरणार नाही.

मेंदूच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तिच्यासमोर कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली. म्हणाले, तुझं डोकं कसं दुखतं त्याचं चित्र काढ. मला वाटलं तिला रमवायला असेल. तिने चेहरा काढला, कपाळावर हातोडा, डोळे मिटलेले, बाजूला बादली, आणि दिव्यावर मोठी फुली. डॉक्टर बराच वेळ ते बघत होते. नंतर कळलं की याचा खरंच अभ्यास झालाय, २००२ साली एक संशोधन छापून आलं, त्यात दोनशेहून जास्त मुलांना असंच चित्र काढायला सांगितलं होतं आणि नुसतं चित्र बघून केलेलं मायग्रेनचं निदान डॉक्टरांच्या तपासणीशी बहुतेक वेळा जुळलं. ठणकणं, उजेडाचा त्रास, उलटी हे शब्द ज्या मुलाकडे अजून नाहीत त्याच्याकडे हातोडा असतो. माझ्याकडे तर दोन वर्षांपूर्वीच एक चित्र आलं होतं, तिच्या नजरेतून माझ्या मायग्रेनचं, आणि मी त्यातली चिकटपट्टी तेवढी बघितली होती.

औषधाचं मी डॉक्टरांनाच विचारा म्हणेन, पण आम्हाला जे शिकायला मिळालं ते सांगते. वजनाप्रमाणे ठरवून दिलेली साधी वेदनाशामक गोळी सुरुवातीलाच द्यायची, बघू थांबतंय का म्हणून दोन तास घालवायचे नाहीत, उशीर झाला की तीच गोळी तेवढी चालत नाही. ॲस्पिरिन सोळा वर्षांखालच्या मुलांना मनाने द्यायची नाही, त्यातून रे सिंड्रोम नावाचा दुर्मिळ पण जीवघेणा प्रकार होऊ शकतो. आणि आठवड्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त वेळा गोळी लागायला लागली तर डॉक्टरांकडे परत जायचं, कारण महिन्यातून पंधरा दिवस वेदनाशामकं घेत राहिलं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. आणि हेही, की प्रत्येक डोकेदुखी मायग्रेन म्हणून सोडून द्यायची नाही, घरात मायग्रेन असलं की हा धोका जास्त. अचानक आलेलं आयुष्यातलं सगळ्यात भयंकर दुखणं, ताप आणि मान आखडणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं, झोपेतून उठवणारं, रोज सकाळी उलटीसकट येणारं, बोलण्यात चालण्यात नजरेत फरक, फिट, किंवा दिवसेंदिवस वाढत जाणारं, यातलं काही दिसलं तर तडक डॉक्टर.

रोजच्या औषधाबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. २०१७ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला, आठ ते सतरा वर्षांची मुलं, मायग्रेन टाळायला नेहमी दिली जाणारी दोन औषधं आणि तिसऱ्या गटाला नुसती औषधाविना गोळी, आणि तिन्ही गटांत मुलं जवळपास सारखीच सुधारली, निम्म्याहून जास्त. मला पहिल्यांदा ऐकून धक्काच बसला, म्हणजे हे सगळं मनाचंच आहे असं लोक म्हणणार! पण डॉक्टर म्हणाले, दुखणं खरं असतं आणि सुधारणाही खरी असते, मुलांचा मेंदू शिकतो, त्याला नियम, आशा आणि लक्ष मिळालं की तो सावरतो. त्याआधीच्या, २०१३ च्या एका अभ्यासात, रोज किंवा जवळपास रोज डोकं दुखणाऱ्या मुलांना औषधाच्या जोडीला वेदनेशी कसं वागायचं याचं समुपदेशन दिलं तर दुखण्याचे दिवस चांगलेच जास्त कमी झाले होते. आम्ही तेच केलं. सावकाश श्वास, एकेक स्नायू सैल सोडत जाणं. झोपेची वेळ सुट्टीतही तीच, तिच्या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते आणि ती आठ तासही झोपत नव्हती. जेवण चुकवायचं नाही, पाण्याची बाटली वर्गात बाकावरच, आणि रोज धावणं-खेळणं. शाळेला डॉक्टरांचं पत्र दिलं, अटॅक आला तर गोळी लगेच मिळावी आणि अर्धा-पाऊण तास अंधाऱ्या शांत खोलीत पडू द्यावं, मग बरं वाटलं तर परत वर्गात. शाळेने ऐकलं. सरसकट घरी पाठवण्यापेक्षा हे किती बरं, आता तिचे बरेचसे अटॅक शाळेतच येऊन शाळेतच जातात.

सगळ्यात अवघड गेलं ते मला स्वतःला आवरणं. मी उठल्या उठल्या तिला विचारायचे, डोकं कसंय? दुपारी, संध्याकाळी, पुन्हा. म्हणजे ती मला जे करत होती तेच मी तिला. आता विचारत नाही. तिची डायरी तिच्याकडे, तीच लिहिते, किती दुखलं, काय केलं, किती वेळात गेलं. मी विचारते, आज काय काय केलंस? डोकं दुखूनसुद्धा अर्धी चाचणी लिहिली असेल तर त्या अर्ध्या चाचणीबद्दल बोलतो. आणि "मोबाईल बघत बसलीस म्हणून झालं" हे वाक्य आमच्या घरात कुणीच म्हणत नाही, अगदी तोंडावर आलं तरी.

आणखी एक प्रश्न आहे जो ती अजून विचारत नाही पण कधीतरी विचारेल, की हे मला तुझ्याकडून आलंय का. आई-वडिलांपैकी एकाला असलं तर मुलाला होण्याची शक्यता साधारण निम्मी धरतात. हो, आलंय, आजीकडून मला, माझ्याकडून तुला. मी खूप रात्री यावर रडलेय. आता मनाशी उत्तर तयार ठेवलंय की त्याच्याबरोबर हेही आलंय बघ, की तू सांगायच्या आधी मला तुझा चेहरा वाचता येतो, आणि गोळी कधी घ्यायची, पडदा किती ओढायचा हे तुला वर्षानुवर्षं चाचपडत शोधावं लागलं नाही. ते तिला पुरेल की नाही मला माहीत नाही.

मागच्या महिन्यात ती शाळेतून आली, दप्तर ठेवलं, दोन जांभया दिल्या आणि म्हणाली, "आई, माझं डोकं उठतंय. अजून उठलं नाहीये." गोळी घेतली, डायरीत वेळ लिहिली आणि आत गेली. मी बाहेरच थांबले. पंधरा मिनिटांनी धाकटा खेळून आला, हातातली बॅट जमिनीला न लावता उचलूनच धरलेली, दाराकडे बघितलं आणि कुजबुजला, "ताईचं आहे?" मी मान हलवली. तो कपाटाशी गेला, बराच वेळ खुडबुड करत राहिला, आणि निळ्या जोडातला दुसरा मोजा शोधून काढून तिच्या दाराच्या कडीवर अडकवला. मग दार हळूच ढकलून आत गेला, मिनिटभर थांबला असेल, आणि परत येऊन बॅट घेऊन खेळायला निघून गेला.